बुधवारची मुंबई कशी करावी

मुंबईला जाऊन येणं वेगळं आणि मुंबई करून येणं वेगळं. जाऊन येणाऱ्याचे संध्याकाळी पाय दुखतात. करून येणाऱ्याचे पाय तर दुखतातच, शिवाय हातात चार पिशव्या असतात आणि त्यांतली एक दुसऱ्याची असते. आम्ही नाशिककर गेली कित्येक वर्षं मुंबई करत आलो आहोत. तो अनुभव नवख्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हे लिहितो आहे.

पहिला प्रश्न वाराचा. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे अर्धी मुंबई रुळावर आणि उरलेली फलाटावर असते. शनिवारचा प्रश्न सरकारनंच मिटवला; २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा शनिवारी भेटलाच तर वॉचमन भेटतो. सोमवारी साहेब गावाहून यायचे असतात आणि शुक्रवारी गावाला निघालेले असतात. मंगळवारी सिद्धिविनायकाची गर्दी. गुरुवारी आमच्याकडे दत्ताचा वार, म्हणजे एवढं मुंबईला जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची. उरला बुधवार. त्या दिवशी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना असते. सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात आणि त्या रस्त्यावर टॅक्सी मुंगीच्या पावलानं सरकते. पण आपल्याला माहीमला जायचंच नाही. शिवाय बुधवार हा मासे खायचा वार. हे कारण यादीत शेवटी ठेवावं आणि घरी तर सांगूच नये.

घरी सांगायला काम लागतं. काम सरकारी असावं, जुनं असावं आणि शक्यतो दुसऱ्याचं असावं. माझ्याकडे काकांच्या पेन्शनच्या फरकाचं आहे. काका हयात आहेत, त्यांचे गुडघे नाहीत. त्यामुळे त्यांच्या सहीचं पत्र घेऊन मी जातो. सोबत एक प्लॅस्टिकची फाइल, सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि स्वतःचं पेन. पेन टोपणाचं असावं. कारकुनाला द्यायचं ते टोपण काढून. टोपण आपल्या हातात राहिलं की पेन परत येतं.

पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते. (पुणेकरांची डेक्कन क्वीन १९३० पासून धावते. हे आपल्याला ठाऊक असलं तरी ते सांगतातच.) पंचवटीत पासवाल्यांचं राज्य असतं. बाकावर रुमाल, वर्तमानपत्र किंवा नुसता चष्म्याचा डबा दिसला, तरी तिथे कुणीतरी बसलेलं आहे असं समजावं. वाद घालू नये, कारण तो माणूस पुढच्या स्टेशनावर खरोखरच चढतो. इगतपुरीला वडापाव घ्यावा. कसाऱ्याच्या घाटात बोगदे मोजू नयेत. मोजणारा माणूस पहिल्यांदाच निघालाय हे डब्याला कळतं.

उतरण्याच्या स्टेशनला आमच्या घरात चार नावं आहेत. आजोबा बोरीबंदर म्हणायचे, वडील व्हीटी म्हणतात, माझ्या तोंडी १९९६ पासून सीएसटी बसलं आणि २०१७ मध्ये 'महाराज' जोडल्यावर मुलगा सीएसएमटी म्हणायला लागला. टॅक्सीवाल्याला काहीही सांगा, तो तुम्हाला दाराशीच सोडतो. चारही पिढ्या एकाच दारानं आत गेल्या आणि सगळ्यांनीच वर बघितलं. वर बघायला हरकत नाही, फक्त दाराच्या मधोमध थांबून बघू नये. मागून बदलापूरचा माणूस येत असतो आणि तो थांबत नाही.

आता कचेरी. कचेरीचं नाव मी सांगणार नाही. फोर्टात आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंत जाते, एवढं पुरे. टेबलाशी गेल्यावर पहिलं वाक्य "नमस्कार, नाशिकहून आलोय" असं असावं. मुंबईच्या माणसाला लांबून आलेल्याची दया येते, मात्र ती फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात फाइल पुढे सरकवावी. समोरून तीनपैकी एक उत्तर येतं : साहेब मीटिंगला गेलेत, फाइल वर गेली आहे, किंवा जेवणानंतर बघू. तिसरं सर्वांत चांगलं. 'जेवणानंतर' म्हणजे आपल्यालाही जेवायला जायची सरकारी परवानगी.

जेवायला फोर्टातल्या गल्लीतली खाणावळ गाठावी, जिथे भिंतीवर माशांची नावं खडूनं लिहिलेली असतात आणि एकपर्यंत त्यांतली दोन पुसलेली असतात. इथे वेगळं टेबल मागू नये. आपल्यासमोर एखाद्या बँकेतला गृहस्थ येऊन बसतो, 'बांगडा' एवढं एकच म्हणतो आणि अकरा मिनिटांत उठतो. मी एकदा घड्याळ लावून बघितलं आहे. त्याच्या ताटात काटे ओळीनं लावलेले, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. आपण मात्र ओले बोंबील मागवावेत. ते तव्यावरून थेट यावेत, वर रवा कुरकुरीत आणि आत नुसतं लोणी. पहिला तुकडा उचलताना तो मधूनच तुटतो. घाई केली की शर्टावर पडतो. सोलकढी शेवटी प्यावी, आणि वाटी परत भरून मिळते का हे विचारायला लाजू नये. मी लाजलो होतो. अजून रुखरुख आहे.

जेवणानंतर लगेच कचेरीत जाऊ नये, कारण साहेबही जेवलेले असतात. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसावं. १८३३ साली बांधलेली ही इमारत सुस्तावलेल्या माणसाला फार छान सावली देते. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. आत जाऊन यायचा विचार मी दर बुधवारी करतो.

हौशी लोक या वेळात राणीच्या बागेत जायचा बेत करतात. पेंग्विन बघून येऊ, मग शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघू. बेत उत्तम आहे. दोन्ही बुधवारी बंद असतात. हे मी भाच्याला घेऊन भायखळ्याला उतरल्यावर, बंद फाटकावरची पाटी वाचून शिकलो. भाचा आता बारावीला आहे आणि अजून मला 'पेंग्विनमामा' म्हणतो.

मग खरेदी. घरून निघताना यादी घ्यावी, पण शेजारच्यांना कळू देऊ नये. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा "येताना थोडे सुके बोंबील आणाल का भाऊजी" असं सहज म्हटलं. मी अर्धा किलो आणले, वर्तमानपत्रात बांधून, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर कापडी पिशवी. ठाण्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. कल्याणला समोरच्या आजोबांनी रुमाल काढला. कसाऱ्याला पत्ते खेळणाऱ्यांनी डाव मोडला आणि एकजण छताकडे बघत म्हणाला, "कुणाचं तरी पार्सल आहे." मीही छताकडे बघितलं. त्या संध्याकाळी मला आयुष्यात पहिल्यांदा पंचवटीत पाय पसरून बसायला मिळालं.

नातेवाइकांचं काय, हा प्रश्न उरतो. आठवड्याच्या मधला वार असला की ते कामावर असतात, हीच त्यातली सोय. तरी डोंबिवलीच्या आत्याला फोन करावाच. मी पायऱ्यांवरून करतो. "आत्या, मुंबईत आलो होतो गं, पण कामाची फार धावपळ." आत्या म्हणते, "बुधवारी येतोस मेल्या, कसली धावपळ ते मला माहीत नाही होय? सुरमई खाल्लीस की बोंबील?"

परतीची वेळ नीट सांभाळावी. कचेरी सव्वासहाला सुटते आणि पंचवटीही सव्वासहालाच सुटते. तेव्हा "सहापर्यंत थांबा, बघतो" असं जो म्हणेल, त्याला हात जोडून पुढच्या बुधवारचं विचारावं.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. गेल्या बुधवारी माझं काम झालं. मी नेहमीप्रमाणे "नाशिकहून आलोय" म्हणालो आणि टेबलावरच्या बाईंनी फाइल उघडली, दोन सह्या आणल्या, शिक्का मारला आणि "झालं तुमचं" म्हणाल्या. बारा चाळीस झाले होते. जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नव्हती. मी तिथेच उभा राहिलो. बाईंनी विचारलं, "आणखी काही?" काकांचा फरक मंजूर, माझ्या हातात कागद, आणि पुढचे सगळे बुधवार डोळ्यांसमोर नाशिकला फोडणीचं वरण खात बसलेले. शेवटी सुचलं. म्हटलं, "याची एक प्रमाणित प्रत मिळेल का?" त्यांनी चष्मा वर केला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला अर्ज करावा लागेल. पुढच्या आठवड्यात या."

तर येत्या बुधवारी जातो आहे. कुणाला काही आणायचं असेल तर मंगळवारी रात्री नऊच्या आत सांगावं. सुके बोंबील सोडून.