विशेष संदर्भ : मुखेड तालुका

आमच्या मराठवाड्यात सध्या दोन पिकं जोमात आहेत, सोयाबीन आणि पीएचडी. भाव दोन्हींना नाही. त्यातल्या त्यात सोयाबीनचं बरं म्हणायचं. त्याला कागदावर का होईना, 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 5328 रुपये हमीभाव होता. पीएचडीला तासिका तत्त्व आहे. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर राम राम, आणि झालेल्या तासाचे पैसे पुढच्या पेरणीच्या आत हातात पडतील याची हमी कुणी देत नाही. तरी पेरा काही घटत नाही. डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल झाला, तेव्हा आमच्याकडे बरीच चिडचिड झाली. दिवे लावणं आमच्या भागात वीज कंपनीलाही रोज जमत नाही. ते एकट्या संशोधकाच्या गळ्यात का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि इकडच्या पोरांच्या औरंगाबादच्या चकरा थांबल्या. ज्या घरात सातबाऱ्याखेरीज दुसरा छापील कागद नव्हता, त्या घरात सोनेरी अक्षरांचा जाडजूड प्रबंध आला. आईने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. या गोष्टीची टिंगल जो करील त्याच्या जिभेला हाड नाही. माझी तक्रार फक्त त्या सोनेरी अक्षरांत काय लिहिलेलं असतं, त्याबद्दल आहे.

शीर्षकाचा पहिला तुकडा सगळ्या जगाला कवेत घेतो. जागतिकीकरण, महिला सक्षमीकरण, हवामानबदल, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता. मग अपूर्णविराम. मग ‘एक चिकित्सक अभ्यास’. चिकित्सा झेपणार नसेल तर अभ्यास तुलनात्मक होतो, तुलनेला दुसरं काही सापडलं नाही तर समाजशास्त्रीय होतो, आणि काहीच होत नसेल तर ‘एक दृष्टिक्षेप’. शेवटी खरी मेख : ‘विशेष संदर्भ मुखेड तालुका’. यातला हिशेब समजून घ्या. नांदेड जिल्ह्यात तालुके 16, लातूरला 10, परभणीला 9, हिंगोलीला 5. एकच विषय, एकच प्रश्नावली, आणि चाळीस डॉक्टर. एकाचं मुखेड झालं की दुसऱ्याने देगलूर धरायचं, तिसऱ्याने कंधार. निष्कर्ष आधीच तयार असतात, तालुक्याचं नाव तेवढं बदलावं लागतं. ते कधीकधी राहून जातं. मग मुखेडच्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर एकाएकी मांजरा नदी वाहू लागते.

पुढचा टप्पा शोधनिबंधाचा. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांना शोधनिबंधांवर गुण द्यायला सुरुवात केली आणि महिन्याभरात छापून देणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ नियतकालिकांचं रान माजलं. विविधता पाहायची तर यांची अनुक्रमणिका पाहावी. पहिल्या पानावर संतसाहित्यातील पर्यावरणविचार, नवव्यावर कबड्डीपटूंची फुप्फुसक्षमता, चौदाव्यावर गावतळ्याच्या पाण्याचा सामू, एकोणिसाव्यावर ग्रंथालयातला क्यूआर कोड. सगळ्यांना जोडणारा समान धागा म्हणजे प्रकाशन शुल्काची पावती. हे मी पदरचं सांगत नाही. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 नियतकालिकं तपासली. 2018 च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातली 88 टक्क्यांहून अधिक सुमार असावीत. दोन महिन्यांत आयोगाने यादीतून 4305 नावं उडवली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आता यादीच नाही. एकदाची कटकट मिटली.

त्याच 2018 साली वाङ्मयचौर्याचा नियमही झाला. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. कायद्याने दहा टक्के माफ असलेला हा देशातला एकमेव उचलेगिरीचा प्रकार असावा. उरलेल्या नव्वदाची सोय जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चोरी पकडणाऱ्या यंत्राला निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, आणि काल्यात साम्य कुठून सापडणार?

आता प्रत्यक्ष संशोधन कसं चालतं ते. मुखेडपासून थोड्या अंतरावर आमच्या ओळखीचे एक मामा राहतात. चार एकर कोरडवाहू, दोन शेळ्या, काही कोंबड्या. मामांचा वाडा रस्त्याला लागून आहे आणि मामी चहा करते, त्यामुळे विद्याशाखा कोणतीही असो, नमुना निवड ‘यादृच्छिक’ पद्धतीने मामांवरच येऊन थांबते.

पहिला आला समाजशास्त्राचा. त्याच्यासमोर मी बसलो होतो.

“मामा, कुटुंबातले निर्णय कोण घेतं? अ, पती. ब, पत्नी. क, दोघं मिळून. ड, इतर.”

“ड लिही.”

“इतर म्हणजे कोण?”

“बँक.”

पोरगं घटकाभर थांबलं. प्रश्नावलीत बँकेला जागा नव्हती. त्याने क वर खूण केली. पुढचा प्रश्न : आपल्या उत्पन्नाबाबत आपण पूर्ण समाधानी, अंशतः समाधानी, तटस्थ, असमाधानी की पूर्ण असमाधानी?

“तटस्थ म्हंजे काय रे?”

“म्हणजे काहीच वाटत नाही.”

“मंग तेच लिही. वाटायचं कवाच बंद झालंय.”

संगणकात घातल्यावर यातून असा निष्कर्ष निघाला असणार की, अल्पभूधारक शेतकरी पत्नीशी विचारविनिमय करून समाधानाबाबत तटस्थ राहतात. शिफारस : शासनाने याकडे लक्ष द्यावे. शासनाने लक्ष द्यावे ही शिफारस नसलेला प्रबंध माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा जीवशास्त्राचा. त्याला कोंबडीचं आतडं हवं होतं. आतड्यातले पट्टकृमी शोधणं हा मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राचा जुना आणि मानाचा उद्योग आहे. मासे, शेळ्या, कोंबड्या यांच्या पोटातून किती नव्या जाती निघाल्या आणि त्यांना गावांची नावं मिळाली. वाम माशातल्या एका कृमीचं नाव आहे ‘सेंगा औरंगाबादेन्सिस’. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, कृमीचं बदललं नाही. एकदा ठेवलेलं शास्त्रीय नाव राजपत्राने बदलत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. निषेधाचं निवेदन द्यायला अजून कुणी गेलेलं नाही, बहुधा कुणाला माहीतच नसावं. (मी सांगितलं असं सांगू नका.) मामांनी आतडं दिलं. पोरगं कोंबडीकडेही बघत होतं, पण मामा म्हणाले, “ते राहू दे, रस्सा करायलीय मामी.”

तिसरा अभियांत्रिकीचा. त्याने बांधावरची काळी माती पोत्यात भरून नेली. परळीच्या औष्णिक केंद्राची राख मिसळली की ही माती कमी फुगते, कमी भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता टिकतो. हे खरं आहे आणि कामाचंही आहे. फक्त मामांच्या गावच्या रस्त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिघांची एकमेकांशी गाठ कधी पडली नाही. नवं शैक्षणिक धोरण ज्या आंतरविद्याशाखीय संशोधनाचा जप करतं, ते तालुक्यात फक्त मामांच्या अंगणात झालं. तिघांच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, संस्थाचालक आहेत, प्राचार्य, सासरे आणि टायपिस्ट आहेत. मामा परिशिष्टात आहेत, अनुक्रमांक 37.

यावर कुणी म्हणेल, असले विचित्र विषय घेतल्यावर हसं होणारच. मला मान्य नाही. विचित्र विषयांना माझा भक्कम पाठिंबा आहे. अमेरिकेत सुरू झालेलं ‘इग नोबेल’ 1991 पासून देतात. आधी हसू येतं आणि मग विचार करायला लागतो अशा संशोधनाला. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधल्या दोन डॉक्टरांनी 200 शाळकरी मुलांना नाकात बोट घालण्याबद्दल विचारलं, त्यांना 2001 साली मिळालं. पुढच्या वर्षी केरळच्या दोघांना, हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ कसं काढावं हे सांगितल्याबद्दल. 2025 मध्ये दिल्लीजवळच्या विद्यापीठातल्या दोघांना, बुटांच्या वासाने कपाट वापरणाऱ्याची काय अवस्था होते याचा अभियांत्रिकी विचार केल्याबद्दल. समाज झाला, प्राणी झाला, यंत्र झालं. या सगळ्यांना काहीतरी खरंच जाणून घ्यायचं होतं. हत्तीला मोजायला टेप घेऊन जाणारा माणूस गुणांसाठी जात नाही. गुणांसाठी एवढ्या जवळ कुणी जात नाही. आमच्याकडच्या शीर्षकांची गंमत वेगळी आहे. विषय सगळे शहाणे, सभ्य, समितीने मंजूर केलेले, आणि उत्तर कुणालाच नको आहे. विचारणाऱ्याला नको, सांगणाऱ्याला नको. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाला तर त्याहून नको, कारण त्याची परतीची गाडी चारची असते आणि जेवण दोनला. श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न विचारायचा असल्यास विचारावा, असं म्हणतात तेव्हा मागच्या रांगेत पत्रावळ्या वाजत असतात.

असं असूनही मुखेडमधून संशोधन झालंय, आणि ज्याला जगाने दखलपात्र मानावं असं झालंय. पावसाळ्यात आमच्याकडे साप निघतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा वेदनाही होत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या उचलत नाहीत, आणि घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची चाचणी अशी : स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्या, वीस मिनिटं हात लावू नका, मग नळी कलती करा. रक्त पाण्यासारखं वाहिलं की प्रतिविष सुरू करा. एवढ्या ज्ञानाला ना वातानुकूलित प्रयोगशाळा लागते, ना अनुदानाचा प्रस्ताव. लागतो तो रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूस. या गावात डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशाचे रोगी तपासत राहिले, नोंदी ठेवत राहिले, आणि 2005 साली ‘द नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये दहा वर्षांच्या अनुभवावर त्यांचा निबंध आला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं 2017 साली. 2000 ते 2019 या काळात भारतात सापाने सुमारे बारा लाख माणसं मारली, हा अंदाज प्रसिद्ध व्हायला 2020 उजाडलं. त्याआधी आमच्या तालुक्याच्या गावाकडे वह्या भरलेल्या होत्या. खेड्यातल्या डॉक्टरांचं हे घराणंच तसं आहे; मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात बसून विंचूदंशावर प्राझोसिन चालतं हे सांगत होते, 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये. त्यांनीही आधी गुण किती मिळतील हे विचारल्याचं ऐकिवात नाही.

पुंड्यांचा तो निबंध मी परवा आमच्या एका प्राध्यापक स्नेह्याला दाखवला. त्याच्या हाताखाली आठ विद्यार्थी आहेत, त्याची नजर तयार आहे. त्याने चष्मा चढवला, शीर्षक दोनदा वाचलं. सर्पदंशावरील उपचार, ग्रामीण महाराष्ट्र, दहा वर्षांचा अनुभव.

“यात मुखेड कुठंय?” त्याने विचारलं.

“पत्त्यात आहे.”

“पत्त्यात असून काय उपयोग? शीर्षकात पाहिजे. समितीने हा विषय परतच पाठवला असता, एवढा मोठा परिसर घेतलाय म्हणून.” त्याने पानं उलटली. पाचच होती. “संदर्भ ठीक आहेत. गृहीतक दिसत नाही. शासनाला शिफारस पण नाही वाटतं.” मग तो पहिल्या पानावर परत आला आणि त्याची मुद्रा खरोखर गंभीर झाली.

“लेखक एकटाच? सर, दहा वर्षांचं काम, आणि मार्गदर्शकांचं नाव नाही, प्राचार्यांचं नाही. मग बाकीच्यांच्या गुणांचं काय?”