शक्यतोवर

मराठीत 'शक्यतोवर' हा शब्द ज्याने आणला, त्याचा एखाद्या चौकात शक्यतोवर पुतळा उभारायला हवा. नळवाला 'शक्यतोवर उद्या येतो' म्हणाला की आपण निमूटपणे बादल्या भरून ठेवतो. शिंपी 'शक्यतोवर लग्नाआधी देतो' म्हणाला की आई जुनी पैठणी इस्त्रीला टाकते. शब्दाचा खरा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे भांडण होत नाही.

नळवाल्याने आणि शिंप्याने हा शब्द तोंडी वापरला. भारत सरकारने तो कायद्यात छापला.

२०१७ साली संसदेने एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा मंजूर केला. कायदा चांगला आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढू नये, शाळेत किंवा दवाखान्यात वेगळं वागवू नये, संमतीवाचून तपासणी करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वाचताना ऊर भरून येतो. मग येतं कलम १४. चाचणीची सोय, एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, सोबतच्या संसर्गांवरचे उपचार हे सगळं सरकारने पुरवायचं, पण 'शक्यतोवर'. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी हा शब्द काढा म्हणून घसा कोरडा केला. तो कायम राहिला. कायदा प्रत्यक्ष लागू झाला १० सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे मंजुरीनंतर जवळपास दीड वर्षाने. शक्यतोवर लवकरच, म्हणा ना.

यात आपणच मागासलेले, असं मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये ठरवलं, २००५ संपेपर्यंत गरीब देशांतल्या ३० लाख रुग्णांना औषध देऊ. तो आकडा गाठायला २००७ उजाडलं. दरम्यान २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशोदेशींनी वचन दिलं की २०१० पर्यंत प्रतिबंध, उपचार आणि काळजी सर्वांपर्यंत पोचवायची. मग २०१५ ची मुदत आली, मग २०२० चं नव्वद-नव्वद-नव्वद (निदान, उपचार आणि दबलेला विषाणू यांचे टक्के), मग २०२५ चं पंच्याण्णव-पंच्याण्णव-पंच्याण्णव. सध्या २०३० ची मुदत चालू आहे. वाण्याच्या दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आठवते? दुकान रोज उघडतं, 'उद्या' तेवढा उजाडत नाही.

बरं, माल नाही असंही नाही. जगातल्या गरीब रुग्णांची एचआयव्हीची औषधं मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशात बनतात. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. तोवर हाच उपचार दहा हजार डॉलरच्या वर जात होता. आफ्रिकेचे डोळे चमकले. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. आणि २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच देशाच्या राजधानीत, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यालयाबाहेर, गोळ्या द्या म्हणून रुग्णांना महिन्याहून अधिक काळ धरणं धरावं लागलं. काही केंद्रांवर महिन्याऐवजी मोजक्याच दिवसांच्या गोळ्या हातावर पडत होत्या. दिव्याखाली अंधार असतो हे माहीत होतं. पण हा तर दिवे बनवणाऱ्याच्याच घरात होता.

आता एआरटी केंद्रातली खिडकी पाहू. एस्टीने दोन तालुके ओलांडून आलेली बाई पिशवीतून गोळ्यांची बाटली काढते. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं असतं, आत कापसाचा बोळा असतो. गाडीत खुळखुळलं तर शेजारीण विचारेल, कसल्या गोळ्या? समुपदेशक उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतून मोजतात. दोन जास्त निघाल्या तर भुवया वर जातात. ''ताई, दोन दिवस चुकले का?'' आणि ते रागावतात ते बरोबरच. गोळी रोज ठरल्या वेळी पोटात गेली तर रक्तातला विषाणू इतका खाली दबतो की चाचणीतही सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. उपचार आणि प्रतिबंध एकाच गोळीत. पण खाडे होऊ लागले की विषाणू औषधाला सरावतो, मग आहे ते औषध निरुपयोगी ठरतं. म्हणून त्या बाईला 'शक्यतोवर घेतली' म्हणायची मुभा नाही. रोज, वेळेवर, जन्मभर.

थोडक्यात, ज्याला भूक, गाडीभाडं, सासू आणि शेजारीण सांभाळायची आहे, त्याने शंभर टक्के नेम पाळायचा. ज्याच्या हाती तिजोरी, गोदामं आणि निविदा आहेत, त्याने शक्यतोवर.

देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख, मोफत उपचारांवर असलेले १७ लाखांच्या वर. हे काम थोडं नाही, टाळी वाजवायलाच हवी. उरलेले कुठे राहतात? तेही याच देशात, शक्यतोवरच्या पलीकडच्या आळीत.

तुटवडा कधी पडला नाही तो फक्त लाल फितीचा. छातीवरचीही भरपूर आणि फायलीवरचीही. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रभातफेरी निघते, रांगोळी पडते, प्रमुख पाहुणे शक्यतोवर वेळेवर येतात.

तेव्हा वाचकहो, येत्या १ डिसेंबरला कुणी फीत लावायला आलं तर जरूर लावून घ्या. फक्त एवढंच विचारा: आपल्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात आज किती दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आहेत? उत्तर आकड्यात आलं तर उत्तम. 'शक्यतोवर'ने सुरू झालं, तर फीत काढून त्यांच्याच हातात द्या.