यिवूच्या ‘आपल्या माणसा’स खुले पत्र

एजंटसाहेब,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. वाचताना तुमची तुम्हाला ओळख पटेल. तुमच्यासारखाच धंदा करणारे आणखी चार जण वाचून दचकले, तर पत्र त्यांनाही पोचलं असं मी धरीन. मी न्हावा शेवाला आयातीची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत काम करतो. तुम्ही चीनहून पाठवलेल्या मालाची कागदं माझ्या टेबलावरून पुढे जातात, त्यामुळे तुमची करामत दुकानदाराच्याही आधी मला कळते.

तुमची जीभ खरोखर गोड आहे. ‘चीनमध्ये आपला मराठी माणूस बसलाय दादा, तुम्ही फक्त पासपोर्ट काढा,’ हे तुम्ही फोनवर म्हणता आणि साताऱ्याकडचा, लातूरकडचा दुकानदार पाघळतो. त्याने जन्मभर मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून नाहीतर पुण्याच्या बोहरी आळीतून माल उचललेला असतो. तिथले व्यापारी हाच माल कुठून आणतात हे त्याला कळलेलं असतं, आणि मधली एक पायरी गाळली तर पोराच्या शिक्षणाचा खर्च निघेल एवढाच त्याचा हिशेब असतो. त्यात हाव काही नाही.

आणि यिवूत माणूस लागतोच, हेही मी मान्य करतो. झेजियांग प्रांतातल्या त्या बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. एकेका गाळ्यासमोर तीन मिनिटं उभं राहायचं म्हटलं आणि दिवसाचे आठ तास धरले, तरी सगळा बाजार पाहायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. खेळणी, कृत्रिम फुलं आणि केसांच्या क्लिपा एका इमारतीत, बॅगा-छत्र्या दुसरीत, मोजे आणखी भलतीकडे. गाळेवाली कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवते, पुढचं सगळं बोलणं चिनीत. दुकानदाराला पन्नास गाळ्यांतून थोडा थोडा माल हवा असतो. तो एका गोदामात गोळा करायचा, मोजायचा, तपासायचा, एका कंटेनरमध्ये भरायचा आणि निंगबो बंदरावर पोचवायचा. हे काम परक्या मुलखातून आलेल्या एकट्या माणसाचं नव्हेच. त्यासाठी तुम्ही पाच टक्के मागता आणि दुकानदार खुशीने देतो. त्या पाच टक्क्यांबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

माझी तक्रार त्या पाच टक्क्यांच्या खालच्या कमिशनची आहे.

समजा, क्लिपांच्या एका डझनाला गाळ्याचा खरा भाव ९ युआन. तुम्ही गाळेवालीशी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, म्हणून ती दुकानदाराला साडेदहा दाखवते. तो घासाघीस करतो, तुम्ही त्याच्या बाजूने दोन वाक्यं चिनीत टाकता, ती मान हलवते आणि तुम्ही हळहळत सांगता, ‘नाही उतरत दादा.’ ६,००० डझनांची ऑर्डर लागते. ६३,००० युआनवर तुमची उघड दलाली ३,१५० होते. गाळ्याकडून मागाहून जे परत येतं, ते ९,००० होतं. ज्याने तुम्हाला नेमलं त्याच्याकडून मिळालेल्या पैशाच्या जवळपास तिप्पट तुम्ही त्याच्याच खिशातून त्याच्या नकळत काढता. आमच्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायची हत्ता पद्धत होती. तुम्ही तिच्याही पुढे गेलात, कारण रुमालाखाली निदान दोन्ही हात सौदा करणाऱ्यांचे असायचे.

हे पैशाचं दुखणं दुकानदार एखाद्या वेळी सोसेलही. त्याहून मोठी चोरी पुढे सुरू होते. ज्या गाळ्याचे पैसे तुमच्या खिशात आले, त्या गाळ्याचा माल नापास करायला तुमचं तोंड उघडत नाही. कसं उघडणार? तुम्ही कार्टन परत पाठवलं, तर गाळेवाली तुमचा वाटा परत मागेल. मग तपासणी म्हणजे फोटो काढणं, आणि फोटोत फक्त वरचा थर. वरच्या थरात सॅम्पलसारख्या क्लिपा, खालच्या थरांत पातळ पत्र्याच्या, स्प्रिंग दोनदा दाबली की सुटणाऱ्या. तुमच्या गोदामात हे कळलं असतं, तर बदलून मिळालं असतं. आपल्याकडे येऊन कळतं तोवर तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल चढवण्याआधी, असे सगळे पैसे गेलेले असतात आणि सीमाशुल्कही भरलेलं असतं. दुकानदाराने तुम्हाला नेमलं ते डोळे म्हणून. ते डोळे तुम्ही पहिल्याच दिवशी समोरच्या पार्टीला विकून मोकळे झालात.

तुमच्या आणखी एका सवयीबद्दल मला स्वतंत्रपणे बोलायचं आहे, कारण तिचा ताप थेट आमच्या टेबलावर येतो. कंटेनरमध्ये जागा उरली की तुम्ही ती दुसऱ्याच्या मालाने भरता आणि सगळा माल एकाच्या नावावर काढता. साताऱ्याकडच्या तुमच्या एका गिऱ्हाइकाच्या कंटेनरमध्ये क्लिपा आणि हेअरबँडच्या मागे खेळण्यांची खोकी निघाली. त्याने खेळणी मागवली नव्हती, त्याला ती ठाऊकही नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत, आयातही करता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं, तेही तुम्हाला पाठ असणार. म्हणून तर ती खोकी मागे होती आणि पॅकिंग लिस्टमध्ये नव्हती.

बिल ऑफ एंट्रीवर नाव आयातदाराचं असतं. आयात-निर्यात कोड त्याचा, पॅन त्याचा, ‘वरील मजकूर खरा आहे’ ही हमीही त्याची. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली खोट्या वर्णनाचा माल जप्त होतो, तेव्हा नोटीस साताऱ्याला जाते, यिवूला जात नाही. तो माणूस आमच्या कचेरीत बसून विचारत होता, ‘साहेब, मी काय केलंय?’ तोवर गोदामाचं भाडं चढत होतं, शिपिंग कंपनी कंटेनर अडकल्याचे पैसे दिवसावर लावत होती, आणि ज्या गौरी-गणपतीच्या हंगामासाठी माल मागवला होता तो हंगाम निघून गेला. त्याने तुम्हाला फोन लावले. तुम्ही उचलले नाहीत. गोड जिभेचा माणूस गप्प किती सहज होतो, ते तेव्हा मी पाहिलं.

पैशाच्या वाटेचंही बोलू. ‘बिल अर्ध्याचं करू दादा, ड्युटी वाचेल. उरलेले तिकडेच माझ्या माणसाकडे रोख द्या,’ हा सल्ला तुम्ही फुकट देता. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली अशा व्यवहाराला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याच दमात का सांगत नाही? बँकेतून गेलेल्या पैशाला पावती असते, तुमच्या माणसाकडे दिलेल्या पैशाला नसते. उद्या माल खराब निघाला तर दुकानदाराने कुठल्या तोंडाने दाद मागायची? अर्ध्या रकमेचा तर कागदच नाही. तुम्ही त्याची ड्युटी वाचवली नाहीत, त्याची तक्रार करायची सोय काढून घेतलीत.

तुम्ही म्हणाल, सगळेच असं करतात. नाही करत. आमच्याकडे अशाही एजंटांचा माल येतो, जे गाळ्याच्या मूळ चिठ्ठीची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. गाळा क्रमांक, भाव, कार्टनमागे नग, सगळं तिच्यावर असतं. मधल्या थरातलं पाकीट फोडून त्याचा व्हिडिओ पाठवणारे आहेत. गाळेवालीशी भांडून दोनशे कार्टन परत करणारे आहेत. ते पाच टक्क्यांवर घर चालवतात. तुमच्यामुळे त्यांनाही आता चोर समजतात, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

यिवूतल्या बुडवेगिरीची झळ बुडवणाऱ्याला सोडून भलत्याला कशी लागते, ते तुम्ही तिथे राहून विसरला असाल तर आठवण देतो. २०११ च्या अखेरीस तिथला एक परदेशी मालक गाळेवाल्यांची उधारी थकवून पसार झाला. त्याच्याकडे काम करणाऱ्या मुंबईच्या दोघांना स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं. त्यांच्या सुटकेसाठी कोर्टात गेलेला भारतीय राजनैतिक अधिकारी त्या गोंधळात कोसळला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये आपल्या दूतावासाला भारतीय व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहायचा इशारा द्यावा लागला. आता तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे गाळ्याला वेळेवर देत नाही, असं दोन गिऱ्हाइकांनी मला सांगितलं आहे. उद्या त्या गाळ्यावर दुसरा एखादा भोळा मराठी माणूस उभा राहील, तेव्हा गाळेवाली त्याच्याकडे कुठल्या नजरेने पाहील?

आता कायद्याचं. १८७२ चा भारतीय करार कायदा जुना आहे, पण तुमच्याचबद्दल लिहिल्यासारखा आहे. कलम २१३ म्हणतं, धन्याने मागितला की एजंटाने चोख हिशेब द्यायचा. कलम २१६ म्हणतं, धन्याला न कळवता एजंटाने त्याच्या कामात स्वतःचा वेगळा व्यवहार केला, तर त्यातला फायदा धनी मागू शकतो. तुमची अनामत भारतातल्या खात्यात जमा होते, तुमचं कोटेशन भारतातल्या पत्त्याच्या लेटरहेडवर येतं. तेव्हा ‘मी चीनमध्ये असतो’ ही सबब फार दिवस पुरणार नाही. साताऱ्याच्या दुकानदाराने मागणीची नोटीस वकिलाकडून लिहून घेतली आहे. तिच्यासोबत जोडायला पॅकिंग लिस्ट, पंचनामा आणि तुमचे वरच्या थराचे फोटो मी त्याला एका फायलीत लावून दिले आहेत.

नोटीस निघायच्या आधी तुम्हाला एक संधी देत आहोत. त्याच्या ऑर्डरमधल्या प्रत्येक गाळ्याची मूळ चिठ्ठी पाठवा. गाळ्याकडून तुम्हाला जे परत मिळालं, त्याचा आकडा पाठवा. ती खेळणी कोणाची होती, ते नाव कस्टम्सला लेखी कळवा. दुकानदाराचा पत्ता तुम्हाला शोधावा लागणार नाही. आयातदार म्हणून तो क्लिपांच्या प्रत्येक पाकिटावर छापला आहे, आणि छापून घेणारे तुम्हीच आहात.

न्हावा शेवाहून,
तुमच्या मालाची कागदं करणारा