पाना मारला की चालू होते

जुनी डिझेल जीप घेणाऱ्याला परभणीत दोन प्रश्न विचारले जातात. कितीला बसली, आणि काहून घेतली? पहिल्याचं उत्तर मी थोडं कमी करून सांगायचो. दुसऱ्यासाठी शेत होतं. झरीच्या पुढची काळी माती पावसाळ्यात मोटारसायकलचं चाक जागेवर धरून ठेवते, असं घरी पटवून दिलं होतं. खरेदी भर उन्हाळ्यात का केली, हे मात्र बायकोनं विचारलंच.

त्यात मी भौतिकशास्त्राचा मास्तर. विजेची मोटार जन्मभर फळ्यावर फिरवलेली. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर जीप ‘खर्रर्र’ करून गप्प झाली, तेव्हा मला चक्क आनंद झाला. आता फळ्याबाहेरची मोटार हाताशी आली होती.

मी त्याच रात्री तक्ता केला. किल्ली फिरवताच एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटारीला करंट पोचत नाही. कार्बन झिजलेत किंवा जोडण्या खराब. ‘टकटकटकटक’ झालं तर बॅटरी उतरलेली. नुसतंच ‘घुंईं’ झालं तर सेल्फ फिरतोय पण बेंडिक्स इंजिनाला पकडत नाही. आणि ‘खर्रर्र’ झालं तर दाते बघा; बेंडिक्सचे आणि फ्लायव्हीलच्या रिंगचेही. तक्ता सुवाच्य अक्षरात काढून डॅशबोर्डवर चिकटवला. शेजारच्या पोरांनी मोबाइलवर त्याचा फोटोही काढून नेला.

मग मी नवी बॅटरी आणली.

जुनी बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठणठणीत होती. पण दाते बघायचे तर जिपेखाली आडवं व्हावं लागतं, सेल्फ उतरवावा लागतो. बॅटरी उभ्या उभ्या बदलता येते. त्यानंतर टर्मिनलं घासली, अर्थिंगची वायर बदलली. खर्रर्र कायम. तेही रोज नाही. चार सकाळी पहिल्या किल्लीला चालू, पाचवीला रुसवा. जावयासारखी.

झरीच्या चहाच्या टपरीपाशी एकदा अशीच अडली. बाकावरची पोरं उठली. ‘सर, धका द्यावं का?’ मी गिअर टाकला, किल्ली बंदच ठेवली आणि म्हणालो, ‘थांबा, मी सांगतो तेव्हा.’ तोवर त्यांनी वीतभर ढकललीच. मी रागावून खाली उतरलो, पान्यानं सेल्फच्या अंगावर दोन ठोके दिले, परत चढलो, न्यूट्रल करून किल्ली फिरवली. चालू! पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

आता ठोक्यामागे शास्त्र आहे. झिजलेला कार्बन अडकला असेल तर हादऱ्यानं सुटतो, हे कोणताही इलेक्ट्रिशियन सांगेल. मी ते पोरांना सविस्तर सांगितलं. कार्बन अडकला तर आवाज ‘टक्’ यायला हवा, ‘खर्रर्र’ नव्हे, हे डॅशबोर्डवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण ते त्या वेळी कोण बघतो? पुढे दरवेळी पोरं थोडं ढकलायची, मी पाना मारायचो, श्रेय पान्याला जायचं. एकट्यानं मारला की लागू पडायचा नाही. तेव्हा ठोक्याची जागा चुकली असं ठरवून मी सेल्फवर खडूनं गोल काढून ठेवला.

भाचीचं लग्न जिंतूरला होतं. मामा म्हणजे मी. तिला बोहल्यावर आणायचं काम माझं, आणि मी बोरीला चहा घ्यायला जीप बंद केली. मग खर्रर्र. सोबतचे सगळे फेट्यात नि पैठण्यांत. धक्का द्यायला कोण उतरणार? मी सफारीत वाकून खडूच्या गोलात ठोकत राहिलो. फोनवर बहीण: ‘दादा, कुठंय तू?’

रस्त्याकडेच्या गॅरेजातून एक म्हातारे चाचा आले. पान्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्वतः चढून गिअर टाकला आणि मला म्हणाले, ‘सरजी, जरा ढकलो.’ मी ढकललं. वीतभर. त्यांनी न्यूट्रल केलं, किल्ली फिरवली, जीप सुरू. ‘रिंग खा गई है. दो जगा.’

जिंतूरपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. सगळं मलाच समजत होतं, तोच तर त्रास होता. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छातीठोकपणे म्हणतो. तर रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा वीस-बावीस पट दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं. बंद होताना चार सिलिंडरचं इंजिन त्याच दाबाला अडून थांबतं, म्हणून फ्लायव्हील बहुतेक वेळा दोनच जागी विसावतं, एकमेकींच्या समोरासमोर. दरवेळी बेंडिक्स तिथलेच दाते चावतो आणि तेच झिजतात. गिअरमध्ये जरासं ढकललं की रिंग सरकते, चांगले दाते समोर येतात. म्हणजे गाडी चालू करत होती टपरीवरची पोरं. एका वेळी एकच घटक बदला, असं मी जन्मभर प्रयोगवहीत तांबड्या शाईनं लिहीत आलो, मार्कही कापत आलो.

पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू होती. भाचीला दुसऱ्याच मामानं आणलं होतं. बहिणीनं पंगतीत मला वाढलं, पण बोलली नाही.

परतीला जीप चाचांकडेच सोडली. गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील निघालं. रिंग तापवून सैल केली, पाव फेरा फिरवली आणि गरम असतानाच पुन्हा बसवली. थंड झाली की आवळून घट्ट बसते. झिजलेले दाते आता इंजिन सहसा थांबत नाही अशा जागी गेले. नवी रिंग घ्यावी लागली नाही. सेल्फ उघडून पाहिला, तर कार्बन उत्तम स्थितीत.

पैसे देताना चाचा डॅशबोर्डपाशी वाकले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, मराठी अक्षरं लावत तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

‘सरजी, ये तो बराबर लिखे है,’ ते म्हणाले. ‘आप पढे नै क्या?’