काटकसरीचे यंत्र

सेवानिवृत्त मनुष्यांचे जे अनेक वर्ग आपल्या समाजात आढळतात, त्यांपैकी देवभक्तीकडे वळणारा वर्ग निरुपद्रवी, स्वतःच्या प्रकृतीकडे वळणारा वर्ग त्रासदायक आणि हस्तव्यवसायाकडे वळणारा वर्ग खर्चिक असतो. पहिल्याला पोथी पुरते, दुसऱ्याला श्रोता पुरतो. तिसऱ्याला मात्र प्रथम यंत्र लागते, मग हत्यारे लागतात, मग त्या हत्यारांना धार लावण्यासाठी दुसरे यंत्र लागते, आणि हा सारा सरंजाम घरात येऊन पडल्यावर तो आल्यागेल्याला अत्यंत गंभीरपणे सांगतो की, हे सर्व आपण पैसे वाचवण्यासाठी केले. असा एक तरी पुरुष प्रत्येक पेठेत असतो. आमच्या पेठेतल्या नमुन्याला सोयीसाठी आपण अप्पासाहेब म्हणू.

अप्पासाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हातून एकही कागद शेऱ्यावाचून पुढे सरकला नाही आणि एकही पैसा मंजुरीवाचून खर्ची पडला नाही, अशी त्यांची कचेरीत ख्याती होती. अशा मनुष्याच्या आयुष्यात अनर्थ शिरायला मोठे निमित्त लागत नाही. एका हस्तकला प्रदर्शनात त्यांनी लाकडाचे एक कातीव पेन हाती घेतले, किंमत विचारली आणि 'बाराशे' हे उत्तर ऐकून ते पुन्हा जागेवर ठेवले. वस्तुतः प्रकरण तेथेच दप्तरदाखल व्हायचे. परंतु पाच इंच शिसवीला बाराशे रुपये ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. 'आमच्या माळ्यावर शिसवीचा अख्खा मोडका पाळणा पडला आहे,' असे ते घरी येता येता म्हणाले, आणि पाठोपाठ त्यांच्या तोंडून ते वाक्य गेले, की ज्या वाक्याने आजवर अनेक काटकसरी माणसे धुळीस मिळाली आहेत : 'एवढ्या पैशात तर मी घरी करीन.'

तसे पाहता लेखणी घरी करणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बोरू हा ज्याने त्याने आपल्या चाकूने तासूनच घ्यायचा असे, आणि त्यासाठी कोणाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार लागत नसे. पुढे विलायती फाउंटन पेने आली, तेव्हा राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी एबोनाइट म्हणजे कठीण रबराच्या कांड्या लेथवर कातून स्वदेशी पेन सिद्ध केले, आणि ते आपले सहकारी कुमारप्पा यांच्यामार्फत हाती आल्यावर गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून रत्नम् यांना आभाराचे पत्र लिहिले. ही हकीकत अप्पासाहेबांनी कोठून तरी पैदा केली व यंत्राच्या खर्चास घरातून मंजुरी मिळावी म्हणून पुराव्यादाखल सादर केली. त्यांच्या पत्नी माई यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि 'गांधीजींनी पेन घेतलं. यंत्र घेतलं नाही,' असा शेरा मारून प्रकरण परत पाठवले. शेरा मारण्याची विद्या त्या घरात एकट्या अप्पासाहेबांनाच अवगत होती, असा समज असणाऱ्यांनी तो या ठिकाणी दुरुस्त करून घ्यावा.

तथापि परत आलेला कागद पुन्हा कसा सादर करावा, यात अप्पासाहेबांची हयात गेलेली होती. त्यांनी एक नवी नस्ती उघडली, तिच्यावर 'विषय : परवडणारे लेथ यंत्र खरेदी करणेबाबत' असे वळणदार अक्षरात लिहिले, आणि पुढले दीड वर्ष ती नस्ती फुगत गेली. पेन कातायला लागते काय, तर पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब अशी एक लाकडाची कांडी. ती ज्यावर फिरेल ते यंत्र लहानात लहान असले तरी चालते, हे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आले होते. पण अल्प चौकशीत निर्णय घेणे हे त्यांच्या मते बेजबाबदारपणाचे लक्षण असल्याने त्यांनी तपशिलाचे रकाने आखले. यंत्रावर किती व्यासाचे लाकूड फिरते, दोन टोकांमध्ये किती लांबीचे बसते, अंग ओतीव लोखंडाचे आहे की पत्र्याचे, वेग पट्टा सरकवून बदलायचा की नुसती कळ फिरवून, आणि दांड्याच्या तोंडाचा निमुळतेपणा मोर्स मापाच्या १ क्रमांकाचा की २ क्रमांकाचा, अशा प्रत्येक बाबीची रुजुवात झाली. २ क्रमांक घ्यावा, कारण पुढे लागणारे जोडसामान त्या मापात सहज मिळते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वस्वी बरोबर होता. फक्त 'पुढे लागणारे जोडसामान' या तीन शब्दांत केवढी आपत्ती दबा धरून बसली आहे, याची नोंद घ्यायला नस्तीत रकाना नव्हता.

स्वस्तातले स्वस्त यंत्र त्यांनी बोहरी आळीत पाहिले. ते इतके हलके होते की मोटार सुरू होताच लाकडाबरोबर तेही फिरण्याचा विचार करू लागले. ते नामंजूर झाले. मग दहा इंच व्यासाचे लाकूड घेणारे, ओतीव अंगाचे, टेबलावर मावणारे एक यंत्र पसंत पडत होते. परंतु त्याच्या शेजारी बारा इंचांचे होते. अर्धा इंच जाडीच्या पेनासाठी दहा इंचच काय, दोन इंचही विपुल झाले असते. पण 'उद्या एखादा वाडगा करावासा वाटला तर?' ही शंका एकदा मनात शिरली की परवडण्याची व्याख्या तासातासाला रुंदावत जाते. राजकोटच्या आणि बटाल्याच्या कारखानदारांशी पत्रव्यवहार झाला. एका स्थानिक वेल्डरने 'मोटार तुमची, बेड माझा' असा तहनामा पुढे केला. तो कलमवार तपासून नाकारण्यात आला.

याच ओघात अप्पासाहेब सावंतवाडीला गेले व चितारआळीत एका वृद्ध कातारी गृहस्थांसमोर त्यांनी आपली प्रश्नावली उघडली. म्हातारबुवा पांगाऱ्याच्या लाकडाचे भोवरे कातीत होते. एक माणूस दोरी मागेपुढे ओढतो आणि दुसरा पायाच्या आधाराने हत्यार धरून कातण करतो, ही जुनी पद्धत त्यांनी वडिलांच्या हाताखाली पाहिलेली. आता मोटार आली एवढाच बदल, हत्यारे मात्र जुन्या कानशी घासून घरीच केलेली. मोर्स मापाचा क्रमांक विचारताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'काकानू, लाकूड फिरता मां? मगे झाला!' अप्पासाहेबांनी नस्तीत नोंद केली : 'सदर इसमाकडे तांत्रिक माहिती उपलब्ध नाही.' नोंद पुरी होईतो म्हातारबुवांचे चार भोवरे झाले होते.

अखेरीस दहा इंचांचेच यंत्र २४ हजारांना घेतले गेले, आणि दुसऱ्याच दिवसापासून पूरक मागण्या येऊ लागल्या. यंत्राबरोबर हत्यारे नव्हती. आठ हत्यारांचा स्वस्त संच आणला, तर तो साध्या पोलादाचा निघाला; चार मिनिटांत धार जाई. तेव्हा हायस्पीड स्टीलची हत्यारे आली. वास्तविक पेनाला तीन पुरतात : चौकोनी कांडी गोल करणारी गोल पटाशी, अंगाला तुळतुळीतपणा आणणारी तिरपी पटाशी आणि काप मारणारी अरुंद पटाशी. पण तीन सुटी घेण्यापेक्षा सहाचा संच प्रतिनगी स्वस्त पडतो, हा हिशोब ज्याला सुचत नाही तो अव्वल कारकून कसला? उत्तम पोलादालाही धार लावावी लागतेच, म्हणून ग्राइंडर आला. ग्राइंडरवर दर वेळी कोन चुकू लागला, म्हणून कोन धरणारी चौकट आली. कांडीला ७ मि.मी.चे भोक पाडण्यासाठी ड्रिल चक, भोकात बसवायची पितळी नळी, नळी चिकटवायला क्षणात घट्ट होणारा गोंद, कांडी ज्यावर ओवून फिरवायची तो मँड्रेल, जाडीचे माप सांगणारे बुश, आणि उडणाऱ्या ढलप्यांपासून मुखरक्षण करणारा पारदर्शक पडदा, अशी ही वऱ्हाडी मंडळी एकामागून एक उतरत राहिली. सर्व मिळून आणखी २६ हजार झाले. म्हणजे यंत्रापेक्षा यंत्राचे आप्तेष्टच महाग पडले. परंतु लग्न लागून गेल्यावर ही गोष्ट काढण्याचा प्रघात आपल्यात नाही.

पहिले पेन झाले तेव्हा त्याचा पोटाकडला भाग लंबवर्तुळाकार होता. मँड्रेलची नट फार आवळली की दांडी किंचित वाकते व लाकूड वाटोळे न उतरता अंडाकृती उतरते, हे सर्वश्रुत आहे. परंतु आयुष्यभर इतरांची नट आवळीत आलेल्या मनुष्यास हात सैल सोडायला शिकावे लागले, आणि त्यात तीन महिने गेले. तिरपी पटाशी जरा चुकीच्या अंगाने टेकली की लाकडात रुतते आणि खाडकन आवाज होऊन आतापर्यंतचे सर्व कातकाम बाद होते. त्या आवाजाला सगळा वाडा सरावला. हळूहळू हात बसला, पेने खरोखर देखणी उतरू लागली, आणि मग लोकांच्या सामानाची धडगत राहिली नाही. खाटकाने बोकडाकडे पाहावे तसे अप्पासाहेब परक्यांच्या पलंगांच्या पायांकडे पाहू लागले. कोणाचा वाडा पाडला जात आहे असे कळताच ते सांत्वनाला जात, आणि येताना तुळईचा तुकडा घेऊन येत.

आता हिशोब. भांडवली खर्च ५० हजार; पहिले पेन निघाले तेव्हा एका पेनाची किंमत ५० हजार होती. ही रक्कम पाहून दुसरा कोणी खचला असता. अप्पासाहेबांनी ओळखले की दोष किमतीत नसून पेनांच्या संख्येत आहे. दहा पेने झाली की प्रत्येकी पाच हजार, शंभर झाली की पाचशे! जितके अधिक करावे तितके स्वस्त, हा सिद्धांत हाती येताच उत्पादनाला ऊत आला. बारसे, मुंज, साठीशांत, कोणत्याही कार्यात त्यांच्याकडून आहेर म्हणून पेनच येऊ लागले. आमच्या पेठेत आता सही करण्याचा प्रसंग वर्षातून दोनदा ज्यांच्यावर येतो, अशा गृहस्थांपाशी सात-सात पेने आहेत. प्रस्तुत लेखकापाशी नऊ आहेत.

पेनाच्या आतील कांडी, टोपी, क्लिप वगैरे तयार संचाला दर वेळी दोनशे-तीनशे रुपये पडतात, तेव्हा किंमत त्याखाली जाणारच कशी, अशी शंका मी एकदा भीत भीत काढली. 'तो महसुली खर्च,' ते म्हणाले, 'त्याचं शीर्षच वेगळं. भांडवली खर्चात मिसळलात तर लेखापरीक्षणात टिकायचं नाही.' मी निरुत्तर झालो.

वाण्याकडचे पेन १० रुपयांना मिळते, तेव्हा आपले पेन १० रुपयांवर आले की यंत्र परवडले असे समजावे, ही मर्यादा माईंनी घालून दिली आहे. त्यासाठी ५ हजार पेने व्हावयास हवीत. आठवड्याला दोन या गतीने त्याला ४८ वर्षे लागतात, आणि अप्पासाहेबांचे वय आज ६२ आहे. हे गणित उलगडले त्या दिवसापासून त्यांच्या वर्तनात विलक्षण फरक पडला. डॉक्टरांनी दहा वर्षे सांगूनही जे झाले नव्हते, ते झाले : तंबाखू सुटली, भजी वर्ज्य झाली, आणि पहाटे पर्वती चढणे सुरू झाले, कारण शासकीय येणे अंगावर ठेवून मध्येच निघून जाणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. परवा त्यांनी मला ती जाडजूड नस्ती मोठ्या अभिमानाने दाखवली. शेवटच्या पानावर माईंच्या हस्ताक्षरात, नवऱ्यानेच कातून दिलेल्या शिसवी पेनाने लिहिलेला, एक नवा शेरा होता : 'पाहिले. हरकत नाही. यंत्र परवडेपर्यंत अर्जदाराने कोणत्याही कारणास्तव रजेवर जाऊ नये.'