एकशे तेरावाले डॉक्टर

पहाटे पावणेपाचला नगरच्या सावेडीतली कुत्री एका ठरावीक सुरात भुंकायला लागली की समजावं, डॉक्टर निघाले. डोक्याला हेल्मेट, सायकलला लुकलुकणारा लाल दिवा आणि अंगात असे घट्ट कपडे, की पेशंटनी त्यात पाहिलं तर दवाखान्यात कुणी तोंड उघडणार नाही, असं वहिनींचं मत. डॉक्टर दातांचे आहेत. रोजचा रस्ता चांदबीबी महालाचा चढ. ती वास्तू खरं तर सलाबतखानाची कबर आहे, हे ते बरोबरच्या प्रत्येक नवशिक्याला वर पोचल्यावरच सांगतात. धापा टाकणारा माणूस वाद घालत नाही.

असे डॉक्टर हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी सापडतात. कुठे ते बिल्डर असतात, कुठे कॉलेजात प्राध्यापक. चाळिशीत साखर तपासतात, घाबरतात, चालायला लागतात. चालण्याचं धावणं होतं, धावण्याला सायकल जोडली जाते आणि एक दिवस ते घरच्यांना बसवून सांगतात, "नुसतं एकशे तेरा आहे हो!" म्हणजे 1.9 किलोमीटर पोहायचं, लगेच 90 किलोमीटर सायकल हाणायची आणि उतरल्या उतरल्या 21.1 किलोमीटर पळायचं. 2019च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारला पहिली आयर्नमॅन 70.3 झाली, तेव्हापासून तर या मंडळींच्या अंगात वारंच शिरलंय. त्यातला 70.3 हा आकडा मैलांचा. डॉक्टर किलोमीटरच सांगतात. आकडा मोठा दिसतो.

आमचा जिल्हा दुष्काळी, पोहायचं कुठे? डॉक्टरांनी एका पेशंटचं शेततळं धरलं. खाली प्लॅस्टिकचा कागद, कडेला पाय टेकवला की घसरायचं, म्हणून मालक दोर घेऊन काठावर बसतो. डॉक्टर फेऱ्या मोजतात, मालक डाळिंबाचा भाव. पाणी अर्ध्यावर आलं की दोघंही आभाळाकडे बघतात.

लग्नात जेवायला बसले की खरी गंमत. गुलाबजाम नको, बासुंदी नको. खिशातून खजूर काढतात आणि शेजारच्याला कार्बोहायड्रेट समजावतात. शेजारचा मुकाट्याने दोघांचे गुलाबजाम संपवतो.

पण त्यांचं लाडकं व्याख्यान चहाच्या टपरीवर होतं. नगरच्या माणसाला शर्यतीचं सांगा, तो अंतर विचारणार नाही. आधी विचारेल, "भरवतंय कोण?" हा प्रश्न आला की डॉक्टर कप खाली ठेवतात आणि जर्मनीतल्या रोट गावात शिरतात. तिथे 1984पासून गावची ट्रायथलॉन होती. 1988 साली ती आयर्नमॅनच्या झेंड्याखाली गेली. 2001नंतर ते नाव गेलं, फ्रँकफुर्टने उचललं. "दुसरं गाव असतं तर मांडव आवरला असता! यांनी 2002 साली 'चॅलेंज रोट' अशी पाटी लावली आणि सुरू! तोच कालवा, तोच चढ, काठाला तीच माणसं. पुढे जगातल्या सगळ्यात वेगवान वेळा कुठे लागल्या? तिथेच!" आवाज असा लागतो, जणू रोट हे राहुरीच्या पुढचं दुसरं स्टँड आहे आणि तिथल्या यात्रेची पंचकमिटी फुटली होती.

एकदा हे सगळं तालमीतल्या वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही कान मोडलेले. बिस्किट बुडवत म्हणाले, "आवं डॉक्टर, जर्मनीला कशाला जाता? 2025 साली आपल्याच जिल्ह्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारीत वाडिया पार्कला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. दोन संघटना, दोन गदा."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"मी दोन्हीकडं गेलो. पुढारी कुणाचा का असंना, पैलवान आपलाच हाय ना?"

डॉक्टरांना बोलायला काही उरलं नाही, ही घटना दुर्मीळ. रोटचं व्याख्यान त्यांनी चक्क आठवडाभर बंद ठेवलं. नंतर कळलं, त्यांनी वस्तादांचं गोव्याचं रेल्वेचं तिकीट काढलंय.

गोव्यात वस्ताद फेटा बांधून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ओळखीचा, अनोळखी, कुणीही आला की, "हाण गड्या! खाली बघू नको!" मणिपूरच्या पोरालाही तेच आणि रशियनालाही तेच. शेवटी डॉक्टर आले, उन्हाने लाल झालेले, चालत. वस्तादांना राहवलं नाही. पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि त्यांच्या हातात कोंबायला धावले. तेवढ्यात एका पंचाने अडवलं. बाहेरच्या माणसाने स्पर्धकाला काही द्यायचं नाही, नियम आहे, दिलं तर स्पर्धक बाद. डॉक्टर चिक्कीकडे बघत, आवंढा गिळत पुढे गेले.

वस्तादांनी मात्र पंचाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमची संघटना कोणती?"