नसलं तरी चालेल

भाचीच्या लग्नात पाहुण्यांची यादी दाजींनी तीन रकान्यांत केली होती. पहिल्यात वधू, वर आणि भटजी. दुसऱ्यात आत्या, मावश्या, शेजारीपाजारी. तिसऱ्यात ऑफिसातले साहेब. मी मामा म्हणून पहिल्या रकान्यात होतो खरा, पण माझ्यापुढे एक उभी रेघ आणि रेघेपलीकडे ‘काका’. म्हणजे मुलीला बोहल्यापर्यंत मामानं आणायचं, तो नसेल तर काकानं. दोघांपैकी एक हजर असला की भागलं. ताईनं यादी पाहिली आणि त्या रात्री वाढताना भांडी जरा जोरात वाजली. दाजींच्या लेखी मात्र यात कुणाचा अपमान नव्हता. ते रोज असंच लिहितात.

दिवसा विमा कंपनीत नोकरी, आणि रात्री, एक पैसा न घेता, डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेजं बांधणं, असा त्यांचा संसार आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं सॉफ्टवेअर अशा रीतीनं बांधायचं, की अनोळखी माणसानं एक आज्ञा दिली की ते बसावं आणि त्याला लागणारं बाकीचं सामानही सोबत यावं. लागणारं म्हणजे कुठवर, यातच त्यांची रात्र जाते. ‘डिपेन्ड्स’ म्हणजे ज्याच्यावाचून चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे चार जगावेगळे लोक सोडले तर सगळ्यांकडे असेलच. ‘सजेस्ट्स’ म्हणजे नसलं तरी चालेल. डेबियनच्या धोरणपुस्तिकेतल्या व्याख्या दाजींना तोंडपाठ आहेत. जगावेगळं कुणाला म्हणायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यातून २००९ साली लेनी आली (डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात; लेनी ही तिथली चावीची दुर्बीण) आणि पॅकेजं उतरवून घेणारं एपीटी रेकमेंड्सही आपणहून बसवू लागलं. शिफारशीला तेव्हापासून वजन आलं आणि दाजींच्या झोपेला ओहोटी लागली.

त्यांना पत्रं येतात ती दोनच प्रकारची. ‘फोटो लहान करायचं एवढंसं साधन मागितलं, तर सोबत अर्धा डेस्कटॉप कशाला?’ हा पहिला. हा बहुधा सर्व्हर सांभाळणारा असतो. रेकमेंड्स टाळायची सोय त्याला ठाऊक असते, तरी लिहितो. ‘पीडीएफ उघडत नाही, पॅकेज मोडकं आहे’ हा दुसरा. पहिल्याचं ऐकून पीडीएफ वाचणारं घोस्टस्क्रिप्ट एक पायरी खाली उतरवलं की दुसरा उगवतो. ‘छान चाललंय’ असं लिहिणारा प्राणी अजून आढळलेला नाही.

आर्च लिनक्सवाल्यांनी हा ताप ठेवलेलाच नाही. ऐच्छिक गोष्टी बसवायच्याच नाहीत. कोणती कशासाठी, एवढी यादी पडद्यावर दाखवायची. “वाचतो कोण?” दाजी विचारतात. जेंटूत तर यूज फ्लॅग लावून जो तो आपल्या यंत्रावर हवं तेवढंच बांधून घेतो. जेंटूवाल्यांविषयी दाजी आदरानं बोलतात आणि विषय बदलतात.

त्यांचा खरा राग आपोआप चाचपणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टवर. बांधताना यंत्रावर एखादी लायब्ररी दिसली की ही न विचारता जोडून घेणार. नसली तर ती सोय मुकाट्यानं गाळणार. म्हणजे बांधणाऱ्याच्या लॅपटॉपवर काय पडलंय, त्यावर परमुलखातल्या माणसाच्या पदरात काय पडणार ते ठरायचं! म्हणून दाजी कोऱ्या वातावरणातच बांधतात आणि प्रत्येक गोष्टीला लेखी ‘हो’ किंवा लेखी ‘नाही’ देतात. ताईनं “येताना जमलं तर...” असं वाक्य सुरू केलं की मध्येच तोडतात. “आणू की नको, ते सांग.”

२०२४ च्या मार्चपासून तर त्यांना आवरणं कठीण झालंय. दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाची काहीच गरज नव्हती. पण ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला मिळावा म्हणून डेबियन, फेडोरा यांनी पदरचा पॅच लावून सिस्टमडीची लायब्ररी जोडली, आणि तिचं बोट धरून एक्सझेडची लायब्ररी आत आली. तिच्यातच चोरदरवाजा बसवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय हे खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा डेबियनच्या स्थिर आवृत्तीत शिरण्याआधी सापडला. “लायब्ररीशिवाय चार ओळींत जाणारा निरोप हो!” दाजी कळवळून सांगतात. ऐकणारा बारशाला आलेला असतो आणि त्याला पेढा हवा असतो.

मध्यंतरी खूप विचार करून त्यांनी घोस्टस्क्रिप्ट सजेस्ट्समध्ये टाकलं. आठवड्याच्या आत हॉस्टेलवरून चिरंजीवांचा फोन. नवा लॅपटॉप, त्यावर डेबियनची अनस्टेबल शाखा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. “बाबा, पीडीएफ उघडत नाहीये.”

“रीतसर बग नोंदव,” दाजी म्हणाले.

त्यानं नोंदवला. दाजींनी त्याची तीव्रता ‘विशलिस्ट’ लावली.